माझी शब्दयादी आणि सिद्धेशचे सर्च इंजिन

मी, काशीराम धोंडिराम ओव्हाळ, वय ६८, राहणार सेक्टर ५, चारकोप, कांदिवली पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके शाबूत आहे. मत्सरही शाबूत आहे, म्हणून तोही नोंदवतो.

१. राहती सदनिका माझी पत्नी शकु हिला मिळावी. बँकेतली शिल्लक मुलगी श्रुतिका हिला.

२. औद्योगिक वसाहतीतला गाळाही श्रुतिकाला. याच गाळ्यात २००० साली मी आणि सिद्धेश घाडीगावकर यांनी मराठी पाने शोधून देणारे सर्च इंजिन सुरू केले. तो दहिसरहून स्कूटरवर येई. तो प्रोग्राम लिही, मी शब्दांची यादी करी. ‘मासा’ शोधणाऱ्याला ‘माशांची आमटी’ही सापडावी, पण ‘माशी’ येऊ नये, यासाठी ती यादी. २००३ साली एका वर्तमानपत्राने सिद्धेशचा एकट्याचा फोटो छापला. मी त्याच्याशी बोलणे सोडले. त्याने दहिसरला स्वतःचे इंजिन काढले; जुने मी एकटाच चालवत राहिलो.

३. जुना संगणक भंगारात द्यावा. त्यावर शकु सिद्धेशच्या साइटवर पाककृती शोधताना मला सापडली होती.

“माझं असताना त्याचं वापरतेस?”

“अहो, तुमचं अचूक आहे, पण चार भाकऱ्या थापून होतात तरी उघडत नाही. त्याच्यात मध्येच माश्या येतात, पण पटकन येतं ना!”

मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. शकु, चूक माझी होती.

४. शब्दयादी. एक्केचाळीस हजार शब्द, सर्व रूपांसह, सात वह्या आणि एक पेन ड्राइव्ह, लोखंडी कपाटात. २००६ साली सिद्धेश घरी आला. तोवर लोक गूगलकडे वळू लागले होते. आम्हा दोघांकडेही रोज कमी लोक येत होते. दारातच तो म्हणाला, “काशी, तुझी यादी माका दी रे. माझो प्रोग्राम आसा. मिळान करूया.”

एकत्र आलो असतो तर टिकलो असतो, असे मी म्हणत नाही. पण दोन वर्षे तरी झुंजलो असतो. मी म्हणालो, “यादी माझी एकट्याची आहे.” शकु चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तो जिना उतरून गेला होता.

पुढच्या वर्षी त्याचे बंद पडले. त्या दिवशी मी पेढे आणले. तीन महिन्यांनी माझेही बंद पडले. पहिला फोन त्याचाच आला. मी उचलला नाही.

५. आता खरे लिहितो. यादी माझी एकट्याची नव्हती. पहिल्या तीन वह्यांतले माशांचे, होड्यांचे, भातशेतीचे सगळे शब्द सिद्धेशने सांगितले, मी फक्त उतरवले. वह्यांवर नाव मात्र माझेच घातले. त्या तीन वह्या श्रुतिकाने स्वतः दहिसरला नेऊन त्याच्या हातात द्याव्यात. हयातीत मला ते जमणार नाही; त्याचा चेहरा पाहिला की तो फोटो आठवतो. पूर्ण यादी इंटरनेटवर सर्वांसाठी खुली करावी. गूगलनेही वापरावी, हरकत नाही. यादीवर दोघांची नावे घालावीत. माझे आधी. वर्णानुक्रमानेही तेच येते.

सही: काशीराम धों. ओव्हाळ

आमच्या दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली:
१. प्रबुद्ध साळवे, शेजारी
२. चेतना भोईर, सोसायटीच्या सचिव

चारकोप, १२ जानेवारी २०२५