टेबलाखालची गोणी

मंगळवार, संध्याकाळ. लोणखेडा

आलेखात पुन्हा तोच सुळका, त्याच जागी! आकाशातले गॅमा किरण मोजायला मोठ्या फुग्यासोबत वर जायचा आमच्या कॉलेजचा डिटेक्टर बिघडला, असंच मी धरून चालले होते. मग टेबलाखाली पाय अडखळला. आबांनी शेतातल्या केळीसाठी आणायला सांगितलेली पोटॅश खताची गोणी. पोटॅशियममधूनही गॅमा किरण निघतात, हे वर्गात मीच शिकवते ना? गोणी बाहेर नेली, सुळका खाली बसला. यंत्र ठणठणीत आहे. आता या ओळखीच्या सुळक्यावरूनच त्याची मोजपट्टी जुळवणार, आणि ते वर जाणारच.

थोडं पोटॅश ठेवून घेऊ का, म्हणून आबांना फोन केला. कशाला, तेही सांगितलं.

त्यांनी विचारलं, "तारासले किती लागी?"

"ताऱ्यांना डबाभर पुरे, आबा."