खाडीतलं पाणी गेलं कुठं?

म्हैसूर, मंगळवार संध्याकाळ

परदेशातल्या एका मोठ्या खाडीत येणाऱ्या पाहुण्यांना मरीनात, म्हणजे बोटींच्या धक्क्यात, बोट लावायला जागा बुक करून देते मी, इथं म्हैसुरात बसून. आज एका म्हाताऱ्या पाहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. बोट चिखलात कलंडलेली! आसपास पाणीच नाही. मागं त्याची बायको दोन्ही हातांनी केबिनच्या दाराची चौकट धरून उभी.

अप्पा डोकावले आणि कन्नडातच ओरडले, "अय्यो, नीरु एल्लि होयतु?" मलाही तेच कळेना. पाणी गेलं कुठं?

"ओहोटी आहे," म्हातारा म्हणाला. "पाणी किती खोल राहतं ते बघितलं नव्हतं?"

मी उपग्रहाच्या फोटोत निळं पाणी बघितलं आणि जागा दिली. आमच्या तळ्यातलं पाणी आटायला अख्खा उन्हाळा लागतो. समुद्र रोज मागं जातो हे शाळेत पाठ केलेलं, पण इतका?

"काही तासांत येईल परत," तो शांतपणे म्हणाला. बायकोनं चौकट सोडली नाही.

कॉल संपल्यावर अप्पांनी विचारलं, "तिथं अजून कुणाला जागा दिलीस काय?"

दिलीय. ते फोन उचलत नाहीयेत.