मामांच्या कलमाचा शेंडा

तीर्थस्वरूप मामांना,

बसल्या जागेवरूनच वाकून नमस्कार. (समोर येऊन करायला तोंड राहिलेलं नाही, कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, म्हणजे काल दुपारपर्यंत होतो.

वादळात तुमचं मॅकाडेमियाचं, त्या परदेशी सुक्यामेव्याचं, जुनं झाड मुळासकट पडलं, तरी तुम्ही फोनवर किती शांत होतात! म्हणालात, रडायचं कशाला, त्याचं कलम भाच्याच्या अंगणात आहे, शुक्रवारी येऊन त्याच्या काड्या नेतो आणि पुन्हा झाड करतो. मी म्हटलं, याच, फुलं अशी गुलाबी आली आहेत की बघत राहाल. त्यावर तुम्ही एकदम फोनच ठेवलात. मला वाटलं, मामांना भरून आलं. मग तुमच्यासमोर झाड नीटनेटकं दिसावं म्हणून काल मी रोपवाटिकेच्या मालकाला बोलावलं आणि तिथेच माझी वाट लागली.

त्याने आल्या आल्या विचारलं, "फुलं गुलाबी कशी?" मी म्हटलं, सुंदर आहेत ना? (सलूनमधल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ती खिडकीतून दाखवली आहेत. गालाला साबण लावलेला माणूस नाही म्हणत नाही.) मग त्याने पानं मोजली. एका पेराला चार. दुसऱ्या फांदीवरही चार, आणि कडांना हे एवढाले काटे! तुमच्या झाडाच्या जातीला म्हणे पेराला तीनच पानं आणि फुलं पांढरट. तेवढ्यात तो बुंध्याशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "कलमाचा शेंडा कुठाय?"

आता तुमच्यापासून काय लपवू? तुम्ही रोप दिलंत तेव्हा वर पट्टी बांधलेली एक वाळकुडी काडी होती आणि खालून दोन फुटवे तरारून आले होते. जोडाखालचं सगळं छाटत जा, असं तुम्ही बजावलं होतंत. जोड म्हणजे काय हे विचारायची मला लाज वाटली. (मी समजलो, जखमेला पट्टी बांधतात तशी ती बांधली असेल.) छाटायचं म्हटलं की माझे हात शिवशिवतात. टवटवीत ते ठेवलं आणि मरतुकडं ते पट्टीसकट कात्रीने उडवलं. ते मरतुकडं म्हणजेच तुमचं झाड होतं हो! पाच वर्षं मी नुसत्या खुंटाला (कलम ज्याच्यावर बांधतात त्या खालच्या रोपाचं हे नाव मला कालच कळलं) पाणी घातलं, उन्हाळ्यात त्याच्यावर जाळी धरली आणि दर महिन्याला तुम्हाला कळवत राहिलो की कलम मजेत आहे. रोपवाटिकावाला डोक्याला हात लावून पायरीवर बसला. बायको फक्त "अहो" म्हणाली, पण ते अशा सुरात की मी कात्री उचलून फडताळात ठेवून आलो.

मला स्वतःचीच शरम वाटते, मामा. तुम्ही विश्वासाने दिलेली एक वस्तू मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली. यायचं तेव्हा या, बोलायचं ते बोला, पण या.

तुमचा,
कात्रीकडे बघवत नसलेला भाचा

ता. क. मुख्य गोष्ट राहूनच गेली. पडलेलं झाड अजून तोडलं नसेल तर करवतवाल्याला थांबवा! त्याच्या काड्या आजच कापून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि येताना आणा. जगात तेवढ्याच उरल्या आहेत.

आणखी एक ता. क. बायकोने पत्र वाचून विचारलं, करवतवाला तीन दिवस टपालाची वाट बघत बसणार आहे का? मग तिनेच फोन लावला. (मला तेवढी हिंमत असती तर पत्र कशाला लिहिलं असतं?) मामी म्हणाल्या, "गुलाबी" ऐकलं आणि हे फोन ठेवून तशाच गुडघ्याने झाडाकडे पळाले, काड्या तेव्हाच कापून आणल्या. शुक्रवारी त्या तुझ्याच खुंटावर बांधायच्या आहेत. आणि यांचा हात आता थरथरतो, तेव्हा कापायचं काम तुझ्याकडे, असं यांनी ठरवलंय.

मामा, वीस वर्षं मी लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवतोय, हात कधी हलला नाही. हा निरोप ऐकल्यापासून हलतोय. काड्या जरा जास्तच आणा.