गेरची गाडी की बिनगेरची

३ फेब्रुवारी, मंगळवार
नात स्नेहलचा आयर्लंडातून फोन. गाडी घ्यायचं ठरलं म्हनं. इथं लगेच पंचायत बसली. ल्योक भाऊसाहेब म्हनला पांढरी घ्या, उंच घ्या. सून मंदा म्हनली लाल घ्या, फोटोत उठून दिसती. त्या मुलखात या दोघांचा पाय लागला न्हाई, पन गाडीचा रंग यांनी ठरवायचा.
मी इचारलं, चालवनार कोन? जावई मधीच म्हनला, "आजी, मी आहे ना ड्रायव्हर." अन् हसला. स्नेहल हसली न्हाई. तिचं तोंड फोनच्या कडंला, अर्धंच दिसत हुतं.

५ फेब्रुवारी
कांदा काढायला सुरुवात. बाया चार म्हनल्या, आल्या दोन. कंबर गेली.
स्ने. चा फोन. म्हाताऱ्या मानसांच्या दवाखान्यात नर्स हाय ती, गावापासनं लांब. सकाळच्या पाळीला बस न्हाई. सागर, म्हंजे जावई, मित्राची गाडी मागून तिला सोडतो. त्याच्या मर्जीनं. परवा सुट्टी झाल्यावर न्यायला लई उशिरा आला, ही थंडीत फाटकापाशी उभी. मी म्हनलं, फोन करायचा. म्हनली, "केला होता."
तिला नवी जागा मिळतीय. घरोघरी जाऊन पेशंट बघायचे. अट एकच, सोताची गाडी सोता चालवता आली पायजे. हे सांगताना तिचा आवाज शाळेत नंबर आल्यावर व्हायचा तसा.

८ फेब्रुवारी, रविवार
घरच्या ग्रुपवर सागरनं गाडीचा फोटो टाकला. "हीच फायनल." झालं, सगळ्यांचे अंगठे अन् जोडलेले हात.
मी बोटानं फोटो मोठा केला. दोन शिटांच्या मधी दांडा. वर आकडे. आपल्या पिकपला हाय तसलाच गेर.
मंदाला हाक मारली, ये बग. ती म्हनती, "गेर असनारच की आत्या. गाडी हाय ती, चूल न्हाई."
आगं पन पोरीनं दिवाळीत सांगितलंय! तिनं परीक्षा बिनगेरच्या गाडीवर दिली. लायसन तेवढ्याचंच. गेरची चालवली तर पोलीस धरनार. जावयाला दोन्ही चालतात, तिला एकच. मंग दोघांसाठी कंची घ्यायची, हे चौथी शिकलेल्या बाईला कळतं.
भाऊसाहेब म्हनला, "शिकंल की परत. त्यात काय एवढं." परीक्षेचा नंबर लागायला तिला किती महिने लागले, इसरला.

११ फेब्रुवारी
फोन लावला. स्पीकरवर. सागर तिच्या शेजारी मांडीला मांडी लावून. सरळ इचारलं, गेरची कशाला?
"स्वस्त पडते आजी. ताकद पण जास्त. आणि स्नेहल शिकेल ना हळूहळू."
बोलला ते एकबी चूक न्हाई. तेच मला खटकलं.
स्ने. ला म्हनलं, तुला चालतीय का? "हो आजी." पटलं का? "हो आजी."
ही पोरगी मीठ कमी हाय म्हनलं तरी हुज्जत घालायची माझ्याशी. हो आजी!

१२ फेब्रुवारी
आज केलं ते केलं.
फोन लावला. दोघं शेजारीच. मी घसा मोकळा करून म्हनले, "स्नेहल, महिना येळेवर येतो का गं? कंबर दुखती का? अंगावरून जास्त जातं का?" सागरचं तोंड बघाय पायजे हुतं. "मी चहा ठेवतो" म्हनून उठला. साहेब असो नायतर नांगरटीवरचा, या बोलन्यापुढं पुरुष टिकत न्हाई.
दार लागलं तशी पोरगी फोनवर वाकली. हळूच बोलली. "आजी, आधी आम्ही ऑटोमॅटिकच बघत होतो. नव्या नोकरीचं मी ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवसापासून तो गिअरच्या बघायला लागला."
मारतो का?
"नाही गं. पण कुठं जायचं तर सांगून. कोणाबरोबर, ते सांगून. आता गाडी आली की सगळंच..."
कर्ज तिच्या पगारावर हाय. सही तिची लागनार. शनवारी, एकवीस तारखेला. मी म्हनलं, मंग नको करू सही. म्हनली, "तू इथं राहत नाहीस आजी."
खरंय.
तेवढ्यात दार वाजलं. पोरगी आवाज चढवून म्हनली, "हो आजी, लोहाच्या गोळ्या घेते मी." माझीच नात.

१४ फेब्रुवारी
पार इस्कोट झाला.
सकाळी भिंगारहून विहीणबाईंचा फोन, सागरच्या आईचा. "काय हो, गोड बातमी आमच्यापासनं लपवता व्हय?" मला काय कळंना. मंग उलगडलं. तो बाबा दारामागं अर्धं ऐकून आईला म्हनला, आजी असं असं इचारत हुती. आईनं त्याचं बारसंच करून टाकलं.
मी तोंड उघडायच्या आत बाई पुढं. "आता गाडीबिडी चालवायचं नाव नको हं. आन ती दारोदार हिंडायची नोकरी तर नकोच नको. सागर नेईल आणील."
मंदा माझ्या गळ्यात पडून रडली, आनंदानं. तिला खरं सांगितलं तवा परत रडली.
पोरीला सोडवायला गेले अन् दाराला कडी मीच घातली.

१५ फेब्रुवारी
भाऊसाहेब लई बोलला. "आई, तू कशाला मधी पडतीस? पोरीचा संसार मोडायचाय का तुला? गेर काय अन् बिनगेर काय, गाडी गाडी असती."
म्हनलं, तुझ्या पिकपची चावी उद्यापासनं माझ्याकडं दे. कुठं जायचं ते मला सांग. कोनाबरूबर ते सांग. वाटलं तर नेईन, न्हाई तर उभा र्‍हा फाटकापाशी.
ताट सारून उठला. पिठलं तसंच राहिलं. मी खाल्लं.

१७ फेब्रुवारी
येष्टीनं भिंगारला गेले. एकलीच. मंदा येते म्हनली, नको म्हनलं, तू रडशील.
विहीणबाईंनी चहा केला, बिस्किटं काढली. लाडू बांधायची तयारी दिसली, डिंक आनून ठिवलेला. बघून कसंतरी झालं. पन सांगायला आले ते सांगितलं. बातमी न्हाई. तुमचा ल्योक उठावा म्हनून मी बोलले.
बाई लालबुंद. "या वयात लबाडी करता?"
"व्हय, केली. बायकोला आजीशी एकटीला बोलू देत न्हाई, मंग काय करू?"
"नवरा शेजारी बसला तर काय गुन्हा झाला?"
"शेजारी बसतो ना? मंग गाडीतबी बसू द्या शेजारी. ती चालवंल."
कप आदळला तिनं. मंग जे बोलली ते इथं लिहून ठेवते, कारन खोटं न्हाई वाटलं. "तिच्या व्हिसावर गेला माझा पोरगा. इथं चांगली नोकरी होती त्याला. तिथं खोकी उचलतोय गोडाऊनात. नातेवाईक काय काय बोलतात ठाऊक हाय? आता गाडी पण तिनं चालवायची, यानं शेजारी पिशवी धरून बसायचं?"
मी म्हनलं, त्याचं दुखतं हे कळलं मला. पन म्हनून हिचे पाय बांधायचे का?
तिनं कपबश्या गोळा केल्या. मी उठले. हळदकुंकू लावलं तिनं, त्यात चुकली न्हाई. दारात म्हनली, "मी सांगून तो ऐकतो असं समजू नका."
सांगनार का, तेबी म्हनली न्हाई.

१९ फेब्रुवारी
काल स्ने. चा फोन न्हाई. आज न्हाई. वाजतो, उचलत न्हाई.
ग्रुपवरचा गाडीचा फोटो सागरनं काढून टाकला. कशाचं लक्षान?
दुपारी स्ने. चा मेसेज, एक ओळ. "आजी, त्याच्या आईने त्याला सगळं सांगितलं." पुढं काय झालं, ते न्हाई. वाचला, परत वाचला. कांद्याची पात कापताना बोट कापलं. मंदा हळद आनाय गेली, भाऊसाहेब बघत राहिला. आमचं बोलनं बंद हाय.
मी गप बसले असते तर? शनवारी सही झाली असती अन् पोरगी "हो आजी" म्हनत राहिली असती. आता काय चाललं असंल, देव जानं.

२१ फेब्रुवारी, शनवार
भाऊसाहेबानं दुपारी पोरीला फोन लावला. या खेपंला उचलला. "बाई, सही करून टाक. वाद नको." माझ्याकडं फोन दिला. मला लई बोलायचं हुतं. तिकडं कोन ऐकतंय ठावं न्हाई. म्हनलं, जेवून जा, उपाशी जाऊ नको. म्हनली बरं.
दिवस मावळतीला परत फोन. वारं भन भन करत हुतं तिच्याकडं.
"आजी, नाही केली सही."
मंग?
"तो गेला. मित्राची गाडी आणली होती, ती घेऊन गेला. म्हणाला, तू ये तुझी तुझी. मी स्टॉपवर आहे."
पाऊस हाय का?
"आहे."
छत्री?
"गाडीतच राहिली."
आडोशाला उभी र्‍हा म्हनलं. भाऊसाहेब मागनं मंदाला, "काय म्हनती? केली का सही?" मी त्याच्याकडं पाठ केली.
"आजी, नवीन जागेचं सोमवारी कळवायचंय. गाडी नाहीये. काय सांगू?"
म्हनलं, सांग येते म्हनून. गाडीचं मागनं बघू.
"आणि घरी?"
पैसं हायेत का जवळ, इचारलं. हायेत म्हनली. रडत नव्हती. रडती तर बरं वाटलं असतं.
"बस आली आजी. ठेवते."
कंच्या गावाची बस, घराकडची का दवाखान्याकडची, ते इचारायचं राहिलं. भाऊसाहेबानं तेच इचारलं, कुठं चालली ती? सहा दिवसांनी माझ्याशी बोलला.
म्हनलं, बसमधी बसली. एवढंच ठावं हाय.