पोपट जांभळीवर होता तेव्हा

अण्णा, तुम्ही गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली, आणि सुनेने सासऱ्याला पत्र लिहावं असं आपल्या घरात कधी काही नव्हतं. तरी लिहिते आहे. लग्न होऊन मी कांदिवलीच्या त्या दोन खोल्यांत आले त्याला महिना झाला असेल, तेव्हा शेजारचं बिऱ्हाड कायमचं गावी गेलं आणि त्यांचा पोपट आपल्याकडे आला. तुमची गिरणीतली नोकरी नुकतीच सुटली होती. पिंजरा तुम्ही भिंतीला लागून ठेवलात, स्टोव्हच्या धुरापासून लांब, आणि सगळ्यांना सांगितलंत, "आठ दिवस कोणी त्याच्यासमोर उभं राहून बघायचं नाही. बोटं आत घालायची नाहीत. त्याला आधी घर बघू दे." सासूबाई म्हणाल्या, "एवढं कौतुक?" तुम्ही पिंजऱ्यावर जुनं धोतर अर्धं टाकलंत आणि त्याच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसलात. मी भांडी घासता घासता ऐकत होते. त्या महिन्यात मला बघायला चाळीतल्या किती बायका येऊन गेल्या होत्या.

नवव्या दिवशी त्याने तुमच्या हातून मिरची घेतली. मग रोज दुपारी पंखा बंद करून, दार-खिडकी लावून तुम्ही त्याला तासभर खोलीत मोकळं सोडू लागलात. अशाच एका दुपारी मी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले आणि दार ओढून घ्यायचं राहिलं. तो माझ्या खांद्यावरून बाहेर गेला. आधीच्या लोकांनी त्याचे पंख कातरलेले, ते अर्धेच वाढले होते, म्हणून समोरच्या जांभळीपर्यंतच पोचला. कावळे जमायला लागले. सासूबाई देवळात गेल्या होत्या. तुम्ही पिंजरा उचललात आणि म्हणालात, "मिरच्या घे नि चल गो. हाका मारू नको, बुजेल."

आपण झाडाखाली बसलो आहोत. तुम्ही मधून मधून उठून कावळे हाकलता, पुन्हा बसता. "आई ओरडतील," मी म्हणते. "ओरडू दे. दार माझ्याकडून उघडं राहिलं असं सांगेन." मग वर बघतच तुम्ही विचारता, "तुला काय कमी पडतं काय गो इथं?" असं मला माहेरीसुद्धा कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणते, "मोरीच्या दाराला आतून कडी नाही." तुम्ही नुसती मान हलवता.

दोन तासांनी तो एकेक फांदी उतरत खाली आला आणि मिरचीसाठी पिंजऱ्यात शिरला. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः स्क्रू पिळून कडी बसवलीत. सासूबाईंनी विचारलं कशाला, तर म्हणालात, "वाऱ्याने दार आपटतं." मोरीत वारा येत नाही हे त्यांनाही माहीत होतं. पोपट अकरा वर्षं जगला, तुमच्यानंतरही चार. मीही राहिले. संसार बरा झाला, तक्रार नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. एक गोष्ट तेवढी तेव्हा बोलले नाही. तुम्ही पिंजऱ्याचं दार उघडं धरून बसला होतात, मी तळहातावर मिरची घेऊन. तो अगदी खालच्या फांदीवर येऊन थांबला, तेव्हा मी मनात त्याला सांगत होते, येऊ नकोस.