ढवळायचं नाही

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. मोठं काम करणाऱ्याने लिहून ठेवावं.

साहेबांनी प्रोजेक्ट दिला. औषध गुणी, पण पाण्यात विरघळेल तर शपथ. गोळी घेतली काय आणि खडा गिळला काय, सारखंच. माझी युक्ती: औषध तेलात विरघळवायचं, त्यात सर्फॅक्टंट, म्हणजे साबणाचा शिकलेला चुलतभाऊ, घालायचा आणि कॅप्सूल भरायची. पोटात पाणी भेटलं की आपोआप बारीक बारीक थेंब. ढवळायचं नाही, हीच तर गंमत! जमलं तर टीम लीडरची जागा माझी. साहेब तसं बोलले नाहीत, पण त्यांचा एकंदर सूर तोच होता.

बायकोने विचारलं, सूर म्हणजे नक्की काय म्हणाले. हिला बारकावे कळत नाहीत.

हाताखाली एक नवी मुलगी दिलीय. हुशार आहे, पण प्रत्येक वाक्यात 'पण'. मनातल्या मनात शंकाबाई नाव ठेवलं.

६ मार्च
पहिलं मिश्रण पाण्यात टाकलं. डाळीवरच्या तेलासारखं तरंगत बसलं. काचेची कांडी घेऊन जरासं ढवळलं. शंकाबाई म्हणाली, सर, आपोआप व्हायला हवं ना? म्हटलं, पोटसुद्धा हलतंच की. ती म्हणाली, इतकं?
पाण्यात काहीतरी खोट असणार.

७ मार्च
संकल्प. एक, चिडायचं नाही. दोन, दुपारचा तिसरा चहा बंद. तीन, रोज एक रिसर्च पेपर वाचायचा.
संध्याकाळी: तिसरा चहा घेतला, डोकं चालेना. पेपर उद्या दोन वाचीन. चिडलो शंकाबाईमुळे, ते धरायचं नाही.

१२ मार्च
जमलं! जमलं! सर्फॅक्टंट वाढवला. थेंब पडला, पसरला आणि दिसेनासा झाला. पाणी स्वच्छ, वर किंचित निळसर झाक. म्हणजे थेंब अतिसूक्ष्म. मला भरून आलं. शंकाबाईनेही टाळ्या वाजवल्या, नाही कशाला म्हणू.
मग लगेच 'पण'. साध्या पाण्याऐवजी पोटासारख्या आम्लात करू या म्हणे. शिवाय तसंच ठेवून बघू, औषध मागाहून खडे होऊन तळाशी बसलं तर? म्हटलं, लग्न ठरलं की लगेच घटस्फोटाची चौकशी करत नाहीत.
बीकर स्वतः धुऊन ठेवला. स्वच्छता हवीच.

१४ मार्च
सासऱ्यांना फोन केला. टीम लीडर होणार म्हणालो की झालो म्हणालो, नीट आठवत नाही. त्यांनी अभिनंदन केलं, म्हणजे 'झालो' असावं. बायकोने कपाळाला हात लावला. आनंद दाखवायची ज्याची त्याची पद्धत.

१८ मार्च
शंकाबाईने परस्पर दुसरं मिश्रण केलं. माझंच, फक्त त्यात चिमूटभर पॉलिमर. त्याने औषधाचे खडे होत नाहीत म्हणे. नसती उठाठेव! डेमोला आम्लच घेऊ म्हणून हटून बसली, तेवढं मोठ्या मनाने मान्य केलं. तिचाही बीकर ठेवू दिला, पण कोपऱ्यात. लीडर झालो की पोरीला पुढे आणायचं.

२० मार्च
उद्या डेमो. भाषण तयार, दहा मिनिटांचं. बायकोसमोर म्हणून पाहिलं. ती म्हणाली अर्धं कर, आणि 'मी' कमी कर. पुढे तिला झोप लागली. माझ्या आवाजात एक शांतपणा आहेच.

२१ मार्च
सकाळी: नवा शर्ट. तब्येत खूश.

दुपारी: लिहिणार नव्हतो.
थेंब टाकले. दोन्ही बीकर लख्ख. साहेब म्हणाले वा, छान, झालं काम. खुर्ची मागे सरकवून उठलेसुद्धा. मीच म्हटलं, बसा ना साहेब, थोडी पार्श्वभूमी सांगतो.

पार्श्वभूमीत तेलाचा इतिहास आला, मग माझं शिक्षण आलं, ओघाने बालपण आलं. बालपणात असताना साहेबांनी विचारलं, अहो, तळाशी पांढरं काय दिसतंय? म्हटलं उजेडाचा परिणाम. ते बीकर घेऊन खिडकीशी गेले. पिठासारखं औषध खाली बसलेलं. मी कांडी घेऊन धावलो, तर म्हणाले, ढवळायचं नाही ना? कोपऱ्यातला बीकर अजून तसाच लख्ख.

प्रोजेक्ट शंकाबाईकडे. लीडरच्या जागेचं विचारलं, तर साहेबांनी विचारलं कुठली जागा.
फार वाईट वाटलं. गाडीत बसून चक्क रडलो. बायकोने गरम जेवायला वाढलं. सासऱ्यांना तीच कळवणार आहे, म्हणाली, तिला दोन वाक्यं पुरतील.

२८ मार्च
गाडी रुळावर. उलट माझं स्थान वाढलंच आहे.
शंकाबाईने रिपोर्टमध्ये लिहिलंय की पॉलिमरवालं मिश्रण सरांच्या संपूर्ण भाषणभर टिकलं. साहेबांना ते इतकं आवडलं की आता लॅबमध्ये तेच माप. अमुक मिश्रण अर्धं भाषण टिकलं, तमुक दोन भाषणं टिकलं. परवा तर कुणीतरी चहाला पाव भाषणात येतो म्हणाला. मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या नावाने मापं असतात, पण ती बहुतेक त्यांच्या माघारी. माझं हयातीत झालं.
ही गोष्ट घरी मुद्दाम सांगितली नाही. आपल्याच तोंडाने आपली स्तुती कशाला.

रात्री भूक लागली म्हणून स्वयंपाकघरात डोकावलो. बायको म्हणाली, थांब, अर्ध्या भाषणात वाढते.