शब्बाथला सुरू राहिलेली आगगाडी

द्वारका, नवी दिल्ली
रविवार, ९ मे १९९९

ती. स्व. रिवकाताईस,
धाकट्या एझ्राचा शालोम. (साष्टांग घालणं आपल्यात बसत नाही, आणि आता माझ्या गुडघ्यांना झेपतही नाही.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? ठाण्याला उकाडा फार का? इथे आम्ही उकडून निघालोय, तरी खुशाल.

तू सिनेगॉगमध्ये मुलांना शिकवतेस, म्हणून शब्बाथच्या खेळण्यांचे नियम तुझ्याकडून मागवले, ही माझीच हौस. (सोसायटीत ज्यू आम्हीच, विचारणार कुणाला?) यादी फ्रिजवर लावली: शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत चित्र काढायचं नाही, मातीचे प्राणी करायचे नाहीत, विजेचं खेळणं सुरू किंवा बंद करायचं नाही. उन्मेष आणि सूनबाई शनिवारीही गुडगावच्या ऑफिसात, म्हणून सहा वर्षांची अवनी तेवढा वेळ आमच्याकडे असते. मागच्या शनिवारी म्हणाली, "आजोबा, मी आता नाही येणार. बोअर होतं यार." ताई, आठवडाभर मी त्या एका दिवसाची वाट बघतो. कशीबशी आणखी एका शनिवारची कबुली घेतली.

मग मी डोकं चालवलं (तुझी भावजय या शब्दांना हरकत घेते). आधी पेटवलेला दिवा शब्बाथमध्ये जळत राहिलेला चालतो, मग आधी सुरू केलेली गाडी का नाही? करोल बागेतून विजेवरची आगगाडी आणली आणि परवा शुक्रवारी दिवे लावायच्या आधी बटण दाबलं. झालं! ती जी गोल फिरायला लागली, ती थांबेचना. आशीर्वाद म्हणताना शिटी, जेवताना शिटी. सकाळी अवनी तिच्याकडे बघेनाशी झाली. दुपारी गाडी रुळावरून घसरून कुशीवर पडली. चाकं गरगर, शिटी चालूच, आणि हात लावायची सोय नाही. शेजारच्या विजयालक्ष्मीबाईंना 'बंद करा' असं सरळ सांगणंही शब्बाथच्या नियमात बसत नाही, म्हणून नुसतं सुचवलं, "आज हमारे यहाँ बहुत आवाज़ है." बाई म्हणाल्या, "अच्छा है जी, घर भरा-भरा लगता है," आणि सरबत पिऊन गेल्या.

शेवटी द्वारकेची वीज गेली, नेहमीप्रमाणे. काय शांतता पसरली म्हणून सांगू! पडदा सावकाश फुगत होता, रिकाम्या प्लॉटांवर पिवळी धूळ तरंगत होती, लांब एक विमान अगदी निवांत उतरत होतं. मी गार फरशीवर उताणा पडलो. अवनी येऊन पोटावर बसली. "आता तुम्ही ट्रेन." निघालो! पेण, नागोठणे, रोहा. तिने कधी न पाहिलेली स्टेशनं मी पुकारत होतो, ती खारे दाणे विकत होती, आणि विकता विकता पोटावरच झोपली. मी तासभर हललो नाही, डास चावले तरी. अर्धवट झोपेत वाटत होतं, गाडी खरंच चाललीय, खिडकीबाहेर भातशेतं आहेत, कुठे उतरायचंच नाहीये. इतका सुखी मी मागे कधी होतो, आठवत नाही.

मग मेली वीज आली, शिटी वाजली आणि पोर दचकून उठली. तीन तारे दिसताच मी प्लग उपटला. घरी जाताना तिने दारातून विचारलं, "नेक्स्ट सॅटर्डेला रोह्याच्या पुढे जाऊ या?"

पेंग येतेय, इथेच थांबतो.

तुझा,
एझ्रा

ता. क. उन्मेष तुला फोन करणार आहे. पोरीसाठी नियम थोडे सैल होतील का, गाडीला टायमर लावला तर चालेल का, असं विचारेल. तू मऊ मनाची, म्हणून आधीच लिहितो: ठाम नाही म्हण.

ता. क. २ खरं तर यादी आणखी कडक करून पाठव. बाहुली नको, चेंडू नको, जमल्यास भातुकलीसुद्धा नको. माझं पोट तेवढं राहू दे.